आधी पुडी, मग पालेभाजी: कॅन्सरचा धोका कमी करणाऱ्या सवयी कोणत्या क्रमानं लावायच्या

सकाळी अनशापोटी गव्हांकुराचा रस घेणारे आणि दुपारी जेवण झालं की चुन्याची डबी उघडणारे चार जण तरी माझ्या ओळखीत आहेत. रसानं तंबाखूच्या पुडीची भरपाई होते असं चौघांनाही मनापासून वाटतं. होत नाही. सोपं आणि विकत मिळणारं आधी करायचं, अवघड ते "पुढच्या महिन्यापासून" ठेवायचं, ही चूक घरोघरी दिसते. म्हणून या लेखात काय करायचं याच्याइतकंच ते कोणत्या क्रमानं करायचं हेही सांगितलं आहे.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्यासारखे असतात. म्हणजेच बाकीचे वय, अनुवंश आणि निव्वळ योगायोग यांच्या हातात असतात. सगळं नीट पाळणाऱ्यालाही कॅन्सर होऊ शकतो, तेव्हा कुणाच्या आजारपणात "काय खात होतात?" अशी उलटतपासणी करू नका. दुसरं, ज्यांचे उपचार सुरू आहेत त्यांच्यासाठी हा लेख नाही. त्यांचा आहार आणि व्यायाम त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचा.

## तयारी: एक आठवडा काहीच बदलू नका

एक साधी वही घ्या. सात दिवस फक्त नोंद करायची: तंबाखू, सुपारी, विडी-सिगारेट, दारू, चहा, बाहेरचं खाणं. प्रत्येक नोंदीसमोर वेळ आणि सोबत कोण होतं ते लिहा. "साडेअकरा, चहाच्या टपरीवर, ऑफिसातले दोघं" एवढं पुरे. आठव्या दिवशी वही उघडली की पंधरापैकी दहा पुड्या ठरलेल्या तीन जागांवर आणि ठरलेल्या माणसांबरोबर लागतात, असं काहीतरी दिसतं. पुढचं सगळं नियोजन त्यावरच बेतायचं आहे.

त्याच आठवड्यात तीन कामं उरका.

1. कंबर मोजा. सकाळी, काही खाण्याआधी, श्वास सहज सोडून, शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीवर धरून. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंमी आणि बायकांसाठी ८० सेंमी ही मर्यादा धरतात. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, कारण आपण पँट पोटाच्या खाली घालतो.

2. वजन आणि उंचीचा हिशेब करा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. ७० किलो आणि १.६५ मीटर असेल तर २५.७ येतात. आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य तक्त्यांत हे आकडे २५ आणि ३० असतात. त्यामुळे मोबाईलचं ॲप "किंचित जास्त" म्हणत असेल, तर आपल्या हिशेबात तो लठ्ठपणाच असतो.

3. घरातल्या जुन्या माणसांना विचारा. आजीला "पोटाचं काहीतरी" झालं होतं, ही आपल्याकडची नेहमीची माहिती. आत्याला, मावशीला फोन करा. कोणत्या अवयवाचा आजार होता, वय किती होतं, आईकडून की वडिलांकडून, ते लिहून घ्या. आई, बहीण किंवा मावशीला पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला असेल, तर तुमच्या तपासण्या कधी सुरू करायच्या हे डॉक्टरांना वेगळं विचारावं लागेल.

> नेहमीची चूक: पाडव्यापासून तंबाखू बंद, साखर बंद, पहाटे पाचला उठणं आणि जिम, सगळं एकदम सुरू करणं. दहाव्या दिवशी यातलं काहीच उरत नाही. एका वेळी एकच मोठा बदल घ्या.

## टप्पा १: तंबाखू आणि सुपारी

या टप्प्याला सहा ते आठ आठवडे द्या. जे कशालाच शिवत नाहीत त्यांनी थेट पुढे जावं, पण त्याआधी "कशालाच" म्हणजे काय ते तपासून घ्या.

विडी, सिगारेट, तंबाखू-चुना, गुटखा, मावा, खर्रा, तपकीर, गुल, हुक्का हे सगळं यात आलं. मशेरीसुद्धा. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच, पण ती लावणाऱ्या बायका डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं की बिनदिक्कत "नाही" सांगतात. त्या खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. म्हणून घरातल्या बाईला "दाताला काय लावता?" असं विचारा.

सुपारी हा दुसरा गैरसमज. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलं आहे. सुपारीनं गालाच्या आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडणं हळूहळू कमी होतं. "तंबाखू सोडली, आता फक्त साधी सुपारी" ही सुटका नव्हे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि दुकानदार पान मसाल्याची एक आणि तंबाखूची एक अशा दोन पुड्या हातात देतो. तंबाखूची पुडी टाकली तरी उरलेल्या पुडीत सुपारी असतेच. लग्नात पोरांच्या हातात येणारी गोड सुपारीही याच खात्यात धरा.

आता क्रम.

१. दाताच्या डॉक्टरकडे आधी जा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. मशेरी आणि तंबाखूनं दाताची कळ बधिर झालेली असते. सोडल्यावर तिसऱ्या दिवशी दाढ ठणकू लागते आणि माणूस म्हणतो, "बघा, सोडली म्हणून त्रास सुरू झाला." किडलेली दाढ आधीच दुरुस्त करून घेतली तर हे निमित्त उरत नाही. तोंडाची तपासणीही त्याच खेपेत होते.

२. दिवस ठरवा. आजपासून दहा ते चौदा दिवसांनंतरचा. घरात लग्न, सुगी किंवा परीक्षा असेल तो आठवडा टाळा. "हळूहळू कमी करतो" हा मार्ग ऐकायला बरा वाटतो, पण बहुतेकांची गाडी दिवसाला तीन-चारवर येऊन अडते आणि मग पुन्हा वर चढते. ठरलेल्या दिवशी पूर्ण बंद करणं साधारणपणे जास्त टिकतं.

३. एकाच माणसाला सांगा, पण वहीत ज्याचं नाव सर्वांत जास्त वेळा आलंय त्याला. "मला पुडी देऊ नकोस, मी मागितली तरी" हे वाक्य त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.

४. आदल्या रात्री झाडाझडती घ्या. डबी, चंची, शर्टाचा खिसा, स्कूटरची डिकी, ऑफिसचा ड्रॉवर, देवघराशेजारचा कोनाडा. शेतात काम करणाऱ्यांनी गोठ्यातली आणि मोटारीच्या खोलीतली फळीही बघावी. "पाहुण्यांसाठी" ठेवलेलं पानाचं तबक सुद्धा. राखून ठेवलेली एक पुडी दोन दिवसांत सापडते.

५. तोंडात टाकायला दुसरं काही तयार ठेवा. बडीशेप, भाजलेले जवस-तीळ, लवंग, वेलची, ओवा. जिथे डबी असायची त्याच खिशात ठेवा, हात सवयीनं तिथेच जातो. तयार मुखवास विकत घेत असाल तर पाकिटावर सुपारी आहे का ते वाचा.

६. निकोटिनची चावायची गोळी (गम) वापरणार असाल तर रीत शिकून घ्या. ही गोळी च्युइंगगमसारखी भराभर चघळली की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं आणि तलफ जात नाही. हळूहळू चावा. तोंडात झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा. अर्धा तास असं करायचं. आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी घ्यायचं नाही. किती मिलिग्रॅमची घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. गर्भवती आणि हृदयविकार असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

७. पहिले तीन दिवस. हे सर्वांत जड जातात. चिडचिड, झोप उडणं, डोकं दुखणं, भूक वाढणं हे सगळं होणारच. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. एक तलफ साधारण पाच ते दहा मिनिटं टिकते. तेवढा वेळ काढायचा: घड्याळ बघा, चूळ भरा, पाणी प्या, जागेवरून उठा. विडी-सिगारेट सोडणाऱ्यांना सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटतो, तोंडही येतं. ते काही दिवसांत थांबतं.

८. पोटाची सोय करा. "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार खरी असते. निकोटिननं आतडी हलतात आणि ते बंद झालं की बद्धकोष्ठता होते. आमच्या शेजारच्या काकूंनी दोनदा सोडून दोन्ही वेळा याच कारणावरून पुन्हा धरली. तिसऱ्या खेपेला सोडायच्या आठवडाभर आधीपासून रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, जेवणात पपई आणि पालेभाजी असं सुरू केलं. ती वेळ निभावली.

एखादा दिवस घसरलात तर वहीत लिहा: कुठे, कोणाबरोबर, कशावरून. "गेलं सगळं" म्हणून पूर्ण पुडी संपवू नका. मदतीसाठी तंबाखू सोडण्याची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन मोफत लागतो. ई-सिगारेटच्या वाटेला जाऊ नका. भारतात तिच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे, आणि निकोटिनची गुलामी तशीच राहते.

काय मिळतं? धूम्रपान सोडून दहा वर्षं झाली की फुफ्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, साधारण निम्म्यावर येतो. बाजारातलं कोणतंही चूर्ण याच्या जवळपास जात नाही.

### इथे थांबून तोंड तपासा

खिडकीजवळच्या उजेडात, आरशासमोर, मोबाईलचा टॉर्च घेऊन. कवळी असेल तर काढून ठेवा. ओठ उलटून आतून बघा, मग हिरड्या, दोन्ही गाल, जिभेच्या दोन्ही कडा, जीभ वर करून तिच्याखालची जागा, शेवटी टाळू. मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपून गाठ लागते का पाहा. जिथे पुडी धरत होता ती जागा दोनदा बघा.

नंतर तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहा. न जाणं, पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट लागताच होणारी आग, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा. अशी जखम सहसा दुखत नाही. "दुखत नाही म्हणजे काही नाही" या समजुतीपायी महिने जातात. ही तपासणी महिन्यातून एकदा करायची, तंबाखू सोडल्यानंतरही.

## टप्पा २: दारू

हा छोटा टप्पा आहे, पण इथे हिशेबाच्या चुका फार होतात.

दारूचा संबंध तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन अशा सात जागांच्या कॅन्सरशी आहे. दोष अल्कोहोलचाच, त्यामुळे महागडी व्हिस्की, देशी, वाईन, ताडी यांत या बाबतीत फरक नाही. सुरक्षित असं कोणतंही प्रमाण सांगता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तंबाखू आणि दारू एकत्र असतील तर तोंड-घशाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. टप्पा १ यशस्वी झालेला माणूस पुन्हा पुडीकडे वळतो तोही बहुधा दारूच्या बैठकीतच.

"मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी एक गणित. ३० मिलीच्या पेगमध्ये, ४२.८ टक्के दारू असेल तर, सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्के स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम. म्हणजे एक बाटली आणि चार छोटे पेग सारखेच.

थांबणं उत्तम. ते होत नसेल तर दिवस कमी करा: आठवड्यातले कोणते दिवस घ्यायची नाही ते वहीत आधी लिहा आणि घरात साठा ठेवू नका. "सोमवार ते शुक्रवार बंद, शनिवारी भरपाई" हा उपाय नाही.

> सावधान: रोज भरपूर पिणाऱ्यानं आणि सकाळी हात थरथरणाऱ्यानं घरच्या घरी अचानक बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

## टप्पा ३: लस आणि तपासण्या

हा टप्पा तिसरा का? यात रोजचा निर्धार लागत नाही, एकेका खेपेत काम होतं. तंबाखू सोडून सहा आठवडे झाले की माणसाला स्वतःबद्दल जरा बरं वाटत असतं. दवाखान्याची पायरी तेव्हाच चढून घ्यावी. ज्यांना टप्पा १ आणि २ लागू नाहीत त्यांनी इथूनच सुरुवात करायची.

एचपीव्ही लस. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे जवळपास नेहमी हा विषाणू असतो. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस आणि त्यापुढच्या वयात तीन, अशी आपल्याकडे डॉक्टरांची नेहमीची पद्धत आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून बाजारात आहे. "एवढ्या लहान वयात कशाला?" असं घरात हमखास विचारलं जातं. विषाणूशी संबंध येण्याआधी दिली तरच लस पुरेपूर काम करते, हेच त्याचं उत्तर. आणि लस घेतली म्हणून पुढे तपासणी चुकवायची नाही.

हिपॅटायटिस बी. यकृताच्या कॅन्सरचं हे एक मोठं कारण. आता बाळांना जन्मानंतर २४ तासांत पहिला डोस देतात, पण आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांना लहानपणी ती मिळालेली नाही. आधी रक्ततपासणी करा, लागण नसेल तर तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. तिसरा डोस हमखास राहतो. तारीख आत्ताच मोबाईलमध्ये टाका.

तपासण्या. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी दर पाच वर्षांनी करायची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात विचारा. गर्भाशयमुखाच्या साध्या तपासणीत व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून मिनिटभरानं नुसत्या डोळ्यांनी पाहतात, काही मिनिटांत होते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनं केलेल्या मोठ्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या याच तपासणीमुळे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. हे काम आपल्याच गावांत झालेलं आहे, आणि तरी "मला काही त्रास नाही, मग कशाला?" हे वाक्य तिथेही ऐकू येतं. त्रास नसतानाच करायची असते, तिचा अर्थच तो आहे.

पाळी संपल्यानंतर चार-पाच दिवसांनी स्तन स्वतः चाचपून नेहमीपेक्षा वेगळं काही लागतं का बघा, काखेतही. पाळी थांबली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवा. पण यावर विसंबून डॉक्टरांकडची तपासणी टाळू नका. मॅमोग्राफी कधीपासून, हे वय आणि घरातला इतिहास पाहून ठरतं.

> तपासून घ्या: रिपोर्ट हातात आला का? "काही असेल तर कळवतील" असं धरून चालू नका. कागद घेऊन फाइलला लावा.

## टप्पा ४: स्वयंपाकघर

आता हळद-पालेभाजीची पाळी. आणि इथेही "काय वाढवू?" च्या आधी "काय काढू?" विचारायचं.

काढायचं ते. सॉसेज, सलामी, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस २०१५ पासून कॅन्सरकारक यादीत आहे. मटणासारखं लाल मांस "बहुधा कारणीभूत" गटात आहे. त्यामुळे रविवारचं मटण पाप ठरत नाही, फक्त ते रविवारपुरतंच राहू द्या आणि सोबत ताट भरून कोशिंबीर घ्या. गोड पेयं आणि फरसाण यांचा दोष मुख्यतः वजनाच्या वाटेनं येतो. मीठ दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लोणचं, पापड, खारवलेले मासे, शेवेतलं मीठही यात मोजायचं, आणि इथेच सगळ्यांचं गणित कोलमडतं.

शेंगदाणे. आपण कूट सगळ्यात घालतो, म्हणून हे जरा सविस्तर. दमट हवेत शेंगदाण्यांवर आणि मक्यावर धरणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते यकृताच्या कॅन्सरला कारण ठरतं. घरच्या भाजण्यानं ते पूर्ण जात नाही. म्हणून भाजायच्या आधी निवडा: सुरकुतलेले, काळे-हिरवट डागांचे, कुबट वासाचे दाणे फेका. खाताना एखादा कडू लागला तर थुंकून टाका. पावसाळ्यात महिन्याचे दाणे भरू नका, आठवड्यापुरते आणा, कोरड्या हवाबंद डब्यात ठेवा. "खवट झालेत, आमटीत खपवू" ही काटकसर महागात पडते. बुरशी आलेल्या भाकरीचा तेवढाच तुकडा काढून बाकीची खाऊ नका.

गरम चहा. ६५ अंशांच्या वर गरम पेयं पिण्याचा संबंध अन्ननलिकेच्या कॅन्सरशी दिसतो. कप हातात आल्यावर चार-पाच मिनिटं थांबा. बशीत ओतून पिणाऱ्या आजोबांची पद्धत बरोबर होती.

वाढवायचं ते. रोज सगळं मिळून ४०० ग्रॅम भाज्या-फळं. बटाटा यात धरायचा नाही. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बघा, बहुतेक घरांत माणशी निम्मीही भरत नाही. सोपी रीत: अर्धं ताट भाजी आणि कोशिंबिरीनं आधी भरा, मग भात-पोळीला जागा द्या. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, साल न काढलेल्या डाळी यांतून तंतू मिळतात, आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपासून बचावात तंतूंचा वाटा चांगला सिद्ध झालेला आहे. भाज्यांची नावं बदलत राहा. परदेशी फळांची गरज नाही: अंबाडी, शेवग्याचा पाला, पेरू, आवळा आपल्याकडे मिळतात.

चुलीवर स्वयंपाक होत असेल तर धुराची वाट आधी करा. बंद खोलीतला लाकूड-कोळशाचा धूर बाईच्या फुफ्फुसात वर्षानुवर्षं जातो, त्याच्यापुढे ताटातले बारकावे गौण आहेत.

### पैसे कुठे घालवू नयेत

बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या धूम्रपानकर्त्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी वाढला, हे १९९० च्या दशकातल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं. गाजर खाणं वेगळं आणि गाजरातलं एक द्रव्य भरमसाट प्रमाणात गिळणं वेगळं. हळद फोडणीत घाला, दुधात घाला, हरकत नाही. हळदीच्या अर्काच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. अल्कलाइन पाण्यानं रक्ताचं आम्लपण बदलत नाही, ते काम फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. "डिटॉक्स"च्या बाटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. त्या पैशात महिन्याची फळं येतात.

## टप्पा ५: चालणं आणि कंबर

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काही. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढं. मैत्रिणीशी गप्पा मारत भाजी आणायला गेलात तर ते फिरणं झालं, व्यायाम नव्हे. सलग वेळ नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात.

स्नायूंसाठी जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. "घरातलं काम दिवसभर असतंच की" म्हणणाऱ्यांनी दम लागतो का ते बघावं. अंगण झाडताना, पाणी भरताना लागत असेल तर ती मिनिटं मोजा. ओट्याशी उभं राहण्याची मोजू नका.

वजन कमी करायचं असेल तर सहा महिन्यांत पाच टक्के हे पहिलं उद्दिष्ट पुरे. ७० किलोच्या माणसाला साडेतीन किलो. कमीत कमी १३ प्रकारच्या कॅन्सरचा संबंध जादा चरबीशी आहे, त्यात पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा, गर्भाशयाचा आणि मोठ्या आतड्याचा हे तीन आहेत. काट्यावर रोज उभं राहू नका. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी. महिन्यातून एकदा टेप.

> नेहमीची चूक: पहाटे चार किलोमीटर चालून परतीच्या वाटेवर कट्ट्यावर दोन वडापाव. अर्ध्या तासाच्या चालण्यात एका वडापावचा हिशेबही फिटत नाही.

## टप्पा ६: थांबायचं नाही अशी लक्षणं

वहीच्या शेवटच्या पानावर हे उतरवा आणि घरात सगळ्यांना दिसेल तिथे ठेवा.

- तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत न जाणं
- आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असणं
- घास अडकणं, आधी भाकरीचा आणि मग पातळाचाही
- स्तनात किंवा काखेत गाठ, निपल आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं
- पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं
- शौचातून रक्त, किंवा शौचाची सवय काही आठवडे बदललेली असणं
- प्रयत्न न करता वजन उतरणं

यातल्या प्रत्येकाचं दुसरं साधं कारणही असू शकतं, बहुतेकदा असतंच. पण ते तपासून ठरवायचं, अंदाजानं नाही. शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच, असं धरून वर्षभर मलम लावत बसलेली माणसं पाहिली आहेत. पाळी गेल्यावरच्या रक्तस्रावाबद्दल सासूबाई सुनेला सांगत नाहीत, आई मुलाला सांगत नाही. घरातल्या कुणीतरी बाईनं वर्षातून एकदा सरळ विचारलं पाहिजे.

दवाखान्यात गेल्यावर "सहज दाखवायला आले" असं म्हणू नका. काय झालं आहे, कुठे आहे, किती आठवड्यांपासून आहे आणि तंबाखू, मशेरी किंवा दारू किती वर्षं घेतली, हे पहिल्या मिनिटात सांगा. लाज वाटत असेल तर वहीचं पान पुढे करा.